कापलेला खोकला

तीर्थरूप बाबा,
प्रीतीचा जयभीम. वागळे इस्टेटजवळची खोली बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

पॉडकास्टवर पुस्तकं वाचते, लेखकांच्या मुलाखती घेते. मागच्या महिन्यात एक म्हातारे लेखक आलेले. बोलताना फार खोकत होते. ऐकायला साफ वाटावं म्हणून मी नेहमीसारखा सगळा खोकला कापला आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

परवा ते गेले. मुलाखत ऐकून त्यांच्या मिसेसनी मला फोन केला. म्हणाल्या, "आवाज त्यांचाच आहे गं, पण ते घरात असल्यासारखं वाटत नाही. खोकला कुठाय?"

बाबा, खोकला आला की तुम्ही फोन आईकडे देता. यापुढे देऊ नका. मी ऐकत थांबेन.

तुमची,
प्रीती