निळ्या ग्रहावरचं नाव

मंगळवार, संध्याकाळ, कराड

आज सापडला! अवकाशातल्या त्या गेममध्ये लग्नाआधीपासून मी पृथ्वीसारखा ग्रह शोधत होते. निळा समुद्र, पांढरे ढग, श्वास घेता येईल अशी हवा. खुर्चीतून उठून ओरडलेच मी. मग खाली ओळ उमटली: प्रथम शोध, अनुश्री.

ही कोण?

मीच की. लग्नात अजितनं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव. आता घरात त्या नावाला ओ देते मी. पण गेममध्ये अजून मनालीच होते.

अजितला विचारलं तर हसला. "मीच बदललं काल. म्हटलं, तुला बरं वाटंल. आता सगळीकडं एकच नाव झालं की गं." खरंच प्रेमानं केलं त्यानं. भांडू तरी कशी?

जुने ग्रह उघडले. कोरेगावला माहेरी बसून शोधलेले, दगडांचे, बर्फाचे. सगळ्यांवर अनुश्री. ती तर तेव्हा नव्हतीच!

आतून सासूबाईंची हाक आली, "अनुश्री, चहा ठेव गं."

"आले," म्हणाले.

निळ्या ग्रहाला नाव द्यायची जागा अजून रिकामी होती. तिथं मनाली लिहिलं. लगेच पुसलं. माणूस गेल्यावर त्याचं नाव कशाला तरी देतात, तसं वाटलं.