उरलेली पाकिटं

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ती. ताईस,
नमस्कार. तुझं पत्र मिळालं. लॉन्ड्रीतलं काम चालू आहे, दिवसभर हात पाण्यात. माझ्या बोटांची नखं आता बरी आहेत, तू विचारलं होतंस म्हणून सांगते.

आईला पित्त झालंय असं मी फोनवर म्हणाले. पित्त नाही ताई, कावीळ आहे. गेल्या सोमवारी तिचे केस विंचरताना खिडकीच्या उजेडात डोळे दिसले, पिवळेधमक. त्याआधी दोन आठवडे तिचं जेवणावरचं मन उडालं होतं, अंगाला खाज सुटायची, लघवी गडद व्हायची. मी म्हणत राहिले, वयामुळे असेल.

लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नवीन काही औषध चालू केलंय का. बोलणी बसतील म्हणून मी नाही म्हणाले. आई शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली.

आता खरं लिहिते. नखांच्या बुरशीवर मला गोळ्या दिल्या, तेव्हा आधी रक्त तपासलं होतं, मध्येही एकदा. नखं सुधारलेली दिसताच मी त्या परस्पर बंद केल्या. पाकिटं कपाटात उरली. आईच्या अंगठ्याचं नख जाड झालेलं, चप्पल घालताना कळवळायची. मी म्हटलं, दुखणं तेच, मग गोळीही तीच. रोज सकाळी मीच द्यायचे. तरुणपणी तिला यकृताचा आजार होऊन गेलाय, हे आपल्या दोघींना ठाऊक. मला एकदाही आठवलं नाही गं.

रक्त देऊन घरी आलो. आई म्हणाली, "सकाळची गोळी राहिलीय, ती दे." डॉक्टरांनी बंद करा म्हटलं नाही, म्हणजे चालू ठेवायची, असं तिला वाटलं.

मी कपाटातली सगळी पाकिटं उचलली. तिला घेऊन तशीच परत गेले, रांग सोडून आत शिरले आणि पाकिटं टेबलावर ठेवली.

बाई रागावल्या नाहीत, त्यानेच मी जास्त घाबरले. त्या म्हणाल्या, "गोळी वाईट नाही. ती कुणाला चालेल, हे आम्ही रक्त बघून, जुने आजार विचारून ठरवतो. तुम्ही कशावरून ठरवलंत?"

गोळी त्याच क्षणी बंद झाली, आईला दाखल करून घेतलं. त्याला आज आठ दिवस झाले. कालच्या रिपोर्टात कावीळ वाढायची थांबलीय, उतरलेली नाही. यकृत सावरायला महिने लागतील, तोवर नक्की काही सांगता येत नाही म्हणतात. ती कूस बदलते तरी मी दचकते. आणि ती नर्सला सांगते, धाकटी माझं फार करते.

तुला कळवायचं नाही असं तिने बजावलंय. म्हणते, "थोरली पुन्हा तुझ्याशी बोलायची नाही." तरी लिहिते आहे, कारण त्या दिवशी गप्पच राहिले असते तर काय झालं असतं, ते मी पाहिलंय.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण ये.

तुझी म्हणवून घ्यायला भिणारी,
धाकटी