बाबांचा फडका

प्रिय दादा,

वहिनीचा खोकला थांबला का? मी ठीक आहे. लॅबमधला पंखा पुन्हा बंद पडलाय आणि दुरुस्त करणारा 'आलोच' म्हणून जो गेलाय, तो गेलाच.

सध्या शहरातल्या बाजारांमधलं बीफ आमच्याकडे तपासायला येतंय. पिशवीवर फक्त नंबर असतो, दुकानाचं नाव नाही. मांसाचा तुकडा पाण्यात घुसळायचा, ते पाणी बशीत पसरून उबेत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ठिपके बघायचे. ठिपके म्हणजे जंतू. थोडेफार सगळ्यांकडेच निघतात. एका बशीत मात्र मुंगी शिरायला जागा नव्हती. जनावराच्या आतड्यातले जंतू, धडधाकट माणसाला अंथरुणाला खिळवतील असे.

हे कुठलं उकिरड्यावरचं दुकान, असं मी नमुने आणणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं. तो हसायलाच लागला. म्हणे, अख्ख्या बाजारात तेच सगळ्यात लख्ख! एक आजोबा बसलेले असतात, गिऱ्हाईक वळलं की लगेच फडक्याने मांस कापायचा ओंडका पुसतात, सुरी पुसतात. पुढचं मला ऐकावं लागलं नाही.

आठवतं ना, शाळेतून आलो की बाबा त्याच फडक्याने आपली तोंडं पुसायला यायचे आणि आई ओरडायची, अहो, निदान पोरांना तरी वेगळा घ्या! आपल्या दुकानात माशी बसली तर घसरून पडेल, असं ते म्हणायचे. पण फडका एकच, बादलीतलं पाणी सकाळचंच. एका तुकड्याची घाण दिवसभर सगळ्यांना लागते. बाबा जितकं पुसतात, तितकं पसरतं. आपलंच दुकान म्हणून मी तपासणीतून बाजूला झाले, सहकाऱ्याने पुन्हा तपासलं. तेच निघालं.

हे पत्र आजच हातोहात पाठवतेय, मिळताच विक्री थांबव. सोमवारी अधिकारी येऊन दुकान बंद करतील. ओंडका बदललास, सगळं उकळत्या पाण्याने धुतलंस की पुन्हा उघडेल, त्याची मला काळजी नाही. पण ते लोक तो फडका चारचौघांत चिमटीत धरून दाखवतील. हात थरथरायला लागल्यापासून बाबांना सुरी धरवत नाही, पुसणं तेवढं उरलंय. म्हणून त्याआधी तूच तो काढून घे. फोनच केला असता, पण दुकानातला फोन बाबाच उचलतात आणि त्यांचा आवाज ऐकून माझ्याने बोलवलं नसतं. त्यांच्या हातात आता दुसरं काय द्यायचं, ते मला सुचत नाहीये. तुला सुचलं तर कळव.

तुझीच,
छोटी