खरवडलेली पाकिटं

विनेबा, घाना
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप दाजींस मुकुंदाचा साष्टांग नमस्कार.

आपले गुडघे आणि ताईची सहनशक्ती या दोहोंची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. इथे सर्व क्षेम. फक्त माझ्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर मक्याच्या पिठाचे केंके विकणाऱ्या अराबाच्या लेकीला, एसीला, रविवारपासून ताप आहे. सातवा महिना चालू आहे आणि गेल्या खेपेला हिवतापानंच पोटातलं मूल गेलं होतं, त्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला लागला आहे. तिचं पुढे येईलच. (पत्राचा फोटो ताईच्या फोनवर पाठवतो आहे. फोन केला की आपल्याला आवाज येईनासा होतो, आणि तो नेमका मी काही मागायला लागलो की होतो.)

तक्रार अशी, की माझ्या उजव्या अंगठ्याचं नख झिजून निम्मं झालं आहे आणि त्याला आपण जबाबदार आहात. इथलं सरकार, एक परदेशी निधी, एक मोबाइल कंपनी आणि ज्याच्या पॅकिंग खात्यात आपण निवृत्तीनंतरही चहाला जाता तो आपला कारखाना, अशा चौघांनी मिळून हिवतापाचं चांगलं औषध गरिबाला परवडेल अशा किमतीत विकायचं ठरवलं. (कामाची वाटणी झाली ती अशी, की उद्घाटन चौघांनी करायचं आणि बोलणी मी खायची.) नकली गोळ्यांचा सुळसुळाट फार, म्हणून प्रत्येक पाकिटावर एक चंदेरी पट्टी असते. गिऱ्हाइकानं ती नखानं खरवडावी, खालचा क्रमांक मोबाइलवरून पाठवावा, की क्षणात उत्तर येतं: 'असली'. पाठशाळेत मी न्यायशास्त्रातली खरं ओळखायची चार प्रमाणं घोकली, पण शब्दप्रमाण इतकं स्वस्त होईल असं गुरुजींना स्वप्नातही वाटलं नसेल.

शनिवारी गावात एका बड्या माणसाची मयत होती. इथे मयत म्हणजे मांडव, बँड, काळे-तांबडे कपडे आणि जेवणावळ. दुकानात माशीही नव्हती. अशा रिकामपणी मला सद्बुद्धी झाली. नकली माल गिऱ्हाइकाच्या हाती पडूच नये म्हणून सगळी साठ पाकिटं मीच खरवडली आणि साठ मेसेज पाठवले. एकोणसाठ असली निघाली. एकाला उत्तर आलं, 'या क्रमांकाची नोंद नाही.' झिजल्या अंगठ्यानं चुकीचा आकडा दाबला असेल, पुन्हा पाहू, म्हणून ते भिंतीवरच्या फळीवर घड्याळामागे वेगळं ठेवलं आणि कृतकृत्य होऊन मयतीला जेवायला गेलो.

सोमवारी पहिलं गिऱ्हाईक कोबिना, मासेमारीच्या होडीचा मालक. त्यानं क्रमांक पाठवला. उत्तर: 'हा क्रमांक आधीच वापरला आहे. औषध घेऊ नका.' (एक क्रमांक एकदाच चालतो, हे माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेलं आहे. मागची बाजू मी आज वाचली.) आता हे लोक पंधरा वर्षं मोबाइलच्या रिचार्जची कार्डं अशीच खरवडत आले आहेत. खरवडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी आतला माल खाल्लेलं कार्ड. कोबिना म्हणाला, "डॉक्टर, आतलं तुम्ही खाल्लंत आणि टरफल मला विकताय?" मी गोळ्या मोजून दाखवल्या. "गोळ्या आहेत हो, पण त्यांतला दम?" दुपारपर्यंत गावभर झालं, की डॉक्टरनं साठ माणसांचं औषध एकट्याच्या अंगात भरून घेतलं आणि आता हिवताप त्याला जन्मात शिवणार नाही. दोघीजणी मला हात लावून बघून गेल्या.

कंपनीच्या मदत क्रमांकावर तीनदा फोन लावला. तिथे एक बाई प्रार्थनागीत गातात आणि मग फोन बंद होतो. त्याच गडबडीत अराबा आली. सरकारी दवाखान्यात एसीचं रक्त तपासून चिठ्ठी दिली होती, पण औषध संपलं होतं. मी म्हटलं, मेसेज उलटा येईल हं. ती म्हणाली, "मेसेज घाल चुलीत! बारा वर्षं तुझं थोबाड बघतेय. नियत साफ आहे, अक्कल काय, देव कधीतरी देईल." अख्ख्या गावात तिनं एकटीनं पाकीट घेतलं, आणि वर दारात जमलेल्या बघ्यांना शिव्या घातल्या.

ताईस नमस्कार. तिच्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची आठवण काढतो, मागत नाही.

आपला मेहुणा
मुकुंद

ता. क. : लोणचं मागतो आहे.

ता. क. दुसरा : खरं काम हे, की पॅकिंग खात्यातल्या आपल्या चहाच्या सोबत्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. एकोणसाठ पाकिटांना नवे क्रमांक मिळतील का, आणि नोंद नसलेलं ते साठावं पाकीट आपल्या कारखान्यातून निघालं तरी होतं का. क्रमांक खाली लिहितो. पाकीट घड्याळामागे आहे, घेऊन आलो.

ता. क. तिसरा : दाजी, पाकीट घड्याळामागे नाही. काल अराबानं बोट दाखवलं होतं ते आत्ता आठवलं. "ते मागे जपून ठेवलंयस ना, तेच दे. दुकानदार चांगला माल मागेच ठेवतो." मी फोन कानाला लावून, न बघता हात मागे केला आणि दिलं. एसीचे तीन डोस झाले आहेत. सकाळी ताप विचारला तर अराबा म्हणाली, "आहे अजून. उतरेल, तुझं औषध आहे." ती आत्ताही पायरीवर बसून केंके विकते आहे. तिला सगळं सांगतो आणि टॅक्सी करून एसीला मोठ्या इस्पितळात नेतो. अंगठ्याला काहीही झालेलं नाही, आकडा मी बरोबरच दाबला होता. त्या पोरीच्या पोटातलं हेही मूल जाईल, माझ्या हातानं, अशी मला भीती वाटते आहे.