आईचा लॅपटॉप देऊ नकोस

शीबा,

नाइट ड्यूटी करून झोपलीस म्हणून उठवलं नाही. दहा वाजता विल्सनमामा आईचा लॅपटॉप न्यायला येईल. देऊ नकोस. तो सगळं पुसून त्याच्या मुलीला देणार आहे. "दाजी, तुम्हीच हो म्हणालात ना?" असं फोनवर ऐकवलं त्याने. आई गेल्यावर म्हणालो होतो, खरं आहे. तरी देऊ नकोस.

काल माझ्या हातून चूक झाली. आपण इंटरनेटवर भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर बाहेरचं कोणीतरी सारखे पासवर्ड लावून बघत होतं, म्हणून मी पासवर्डने आत जाणंच बंद केलं. त्याआधी माझ्या कॉम्प्युटरची की-फाईल, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली, तिथे चढवायची असते. ती चढवलीच नाही. आता मलाच आत जाता येत नाही. चालणारी की-फाईल फक्त आईच्या लॅपटॉपमध्ये आहे. आईने संडे स्कूलसाठी गायलेली सगळी गाणी त्या सर्व्हरवर आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत.

लॅपटॉपचा चार्जर जळालाय. नवा आणायला कोपरगावला जातोय.

तू म्हणतेस, पप्पा, रोज रोज ते ऐकणं थांबवा. थांबवीन, बाळा. पण गाणी हाताशी असताना थांबवीन. अशी हरवून नको.

पप्पा