प्रतीक्षाचा गुडघा, माझी कंबर

शनिवार, संध्याकाळ

कंबर दुखतेय, तरी हसू थांबत नाही.

उद्या नालवाडीत कबड्डीचा सामना. गुडघा दुखावलेल्या प्रतीक्षाला खेळू द्यायचं का, हे आज मी ठरवणार होते. उड्या, बैठका सगळं तिने जमवलं. तरी भरवसा बसेना. म्हणजे माझा. तिला होताच. म्हणाली, "मॅडम, तुमी रेड मारा, मंग पाहा!"

ओढणी खोचून माझ्या दवाखान्याच्या अंगणात "कबड्डी कबड्डी" करत गेले. तिने घोटा असा धरला की मी धाडकन मातीत! तिचा गुडघा जराही डगमगला नाही.

पडल्या पडल्याच म्हटलं, "जा, खेळ उद्या."

उठवताना कार्टी म्हणते, "मॅडम, आता तीन हप्ते आराम. अन् जिद्द नाई कराची!"

प्रत्येक पेशंटला ऐकवते ते माझंच वाक्य. कंबर खरंच दुखतेय.

उद्या सामन्याला मात्र जाणारच.