शिंपीकाकांच्या पोटाचा वास

प्रिय आई,

शेपूट हलवून नमस्कार.

मी मजेत आहे, अंगही भरलंय. तुझा कान बरा झाला का?

आमच्या शिंपीकाकांच्या पोटाला महिनाभर एक वास येतोय. तुझ्या मालकिणीला शेवटच्या दिवसांत यायचा, तसाच. स्वतःची पँट त्यांनी दोनदा कमरेत आत घेतली. मी पोटाला नाक लावून रडतो, तर काकू हसतात, "अहो, तुमच्या लाडक्याला पुन्हा भूक लागली!" आणि बिस्किट देतात. माणसांचं नाक फक्त चष्मा ठेवायला असतं बघ.

म्हणून कालपासून मी खाणंच सोडलं. काका घाबरले. म्हणाले, "हा नक्की आजारी आहे."

उद्या दुकान बंद ठेवून ते मला डॉक्टरकडे नेणार आहेत.

तुझा,
थोरला